दाणा, ऊब आणि सोबत : पुणे परिसरातील परसातल्या कोंबडीच्या पिलांच्या संगोपनाचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या कृषी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जमीन, सारा, पाणी, पीक आणि कर्ज या विषयांभोवती झालेले आहे. पशुधनाचा विचार झाला तेव्हा तो बैल, गाय आणि म्हैस यांच्यापुरता राहिला. कोंबडीला या लेखनात फारसे स्थान मिळाले नाही. तिचा जमिनीच्या साऱ्याशी संबंध नव्हता, सावकाराकडे तारण म्हणून तिला किंमत नव्हती, आणि बहुतेक घरांत तिची मालकी, निगा व विक्री स्त्रियांकडे होती. जे कागदावर येत नाही ते इतिहासात येत नाही, या नियमाला कोंबडीही अपवाद ठरली नाही.

पुणे शहराच्या संदर्भात ही उपेक्षा अधिक जाणवते. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे मुख्यालय पुण्यात आहे. देशातील अग्रगण्य कुक्कुट उद्योगसमूहांपैकी एक याच शहरातून वाढला. राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय औंध येथे, तर मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र खडकी येथे आहे. असे असूनही या शहराच्या सामाजिक इतिहासात कोंबडीच्या पिलाविषयी एखादे प्रकरण सापडणे कठीण.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. अंड्यातून बाहेर आलेले पिलू पहिले सहा-आठ आठवडे जगवावे कसे, हा तो प्रश्न होय. या काळात पिलाला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे दाणा-पाणी आणि दुसरी म्हणजे सोबत. सोबत या शब्दात आईच्या पंखाखालची ऊब, तिची राखण, तिचे शिकवणे आणि भावंडांचा सहवास हे सर्व येते. गेल्या सुमारे शंभर वर्षांत दाण्याचे ज्ञान शासनाने व उद्योगाने आपलेसे केले, कारण ते मोजता येत होते. सोबतीचे ज्ञान मात्र घरातील स्त्रियांकडेच राहिले व त्याची गणना झाली नाही. परसातील कोंबडीपालनाच्या अनेक योजनांना आलेल्या मर्यादांचे एक मूळ या विषम गणनेत आहे, अशी या लेखाची मांडणी आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) परसातील पिलांच्या पारंपरिक संगोपनपद्धतीचे स्वरूप पाहणे. २) पुणे शहर व परिसरात या पद्धतीत विसाव्या शतकात झालेल्या बदलांचा मागोवा घेणे. ३) शासकीय योजनांच्या रचनेत पिलांच्या सोबतीचा विचार कसा झाला याची चिकित्सा करणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. पशुगणना, योजनांचे प्रसिद्ध स्वरूप व कुक्कुटशास्त्राचा ज्ञात इतिहास यांबरोबरच बोलीतील शब्द हेही साधन मानले आहे. ज्या व्यवहाराचे दप्तर नसते त्याचे शब्द तरी शिल्लक असतात. एके ठिकाणी प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या आठवणीचाही आधार घेतला आहे.

परस आणि त्याची शब्दसंपदा

मराठी ग्रामीण बोलीत कोंबडीच्या आयुष्यातील प्रत्येक टप्प्याला शब्द आहे. अंड्यावर येण्याच्या बेतात असलेली तरुण मादी म्हणजे तलंग. अंडी घालणे थांबवून बसून राहणारी, अंगाला ताप आल्यासारखी गरम झालेली, जवळ गेले की पिसे फुलवणारी कोंबडी म्हणजे खुडूक. अशा कोंबडीखाली अंडी ठेवणे म्हणजे तिला रवणावर बसवणे. संध्याकाळी कोंबड्या टोपलीखाली किंवा खुराड्यात कोंडणे याला डालणे असे स्वतंत्र क्रियापद आहे, आणि त्या टोपलीला डालगे म्हणतात. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, या म्हणीतील झाकणे हे याच डालग्याचे झाकणे होय.

ही शब्दसंपदा एका कार्यपद्धतीची नोंद आहे. खुडूक कोंबडी ओळखणे ही तिची पहिली पायरी. कोणती कोंबडी एकवीस दिवस निष्ठेने बसेल, कोणती अर्ध्यावर उठेल, कोणती पिलांना टोचते आणि कोणती दुसऱ्याचीही पिले पोटाशी घेते, हे घरातील बाईला अनुभवाने माहीत असे. टोपलीत राख, भुसा किंवा पेंढा घालून त्यावर दहा-बारा अंडी मांडली जात. एवढीच का, तर कोंबडीच्या पोटाखाली तेवढीच मावतात. त्याहून अधिक ठेवली तर कडेची अंडी थंड पडतात व पाळीपाळीने सर्वच बिघडतात. अंडी किती दिवसांची जुनी आहेत, उन्हाळ्यात बसवावे की नाही, हेही पाहिले जाई.

पिले बाहेर आल्यावर पहिले काही दिवस आई व पिले डालग्याखाली ठेवली जात. तांदळाच्या किंवा ज्वारी-बाजरीच्या कण्या, भिजवलेला भरडा, शिळ्या भाकरीचा कुस्करा हा त्यांचा दाणा. काही ठिकाणी वाळवी लागलेली ढेकळे आणून पिलांपुढे फोडली जात. पाणी उथळ भांड्यात, पिलू बुडणार नाही अशा बेताने दिले जाई. त्यानंतर कोंबडी पिलांना घेऊन परसात उतरे. उकिरडा उकरणे, किडा दिसताच विशिष्ट आवाज काढून पिलांना बोलावणे, घारीची सावली पडताच वेगळा आवाज काढून त्यांना पंखाखाली घेणे, हे तिचे काम. या व्यवस्थेत दाण्याचा खर्च जवळजवळ शून्य होता, कारण उरलेला दाणा पिले स्वतः शोधत. मात्र तो शोधायला शिकवणारी कोंबडी ही या व्यवस्थेची अट होती.

या पद्धतीचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. घार, कावळा, मुंगूस, मांजर आणि रोग यांतून दहातील निम्मी पिले मोठी झाली तरी समाधान मानावे अशी स्थिती असे. कोंबडी रवणावर आणि पिलांबरोबर असताना दोन-तीन महिने अंडी देत नसे. परंतु तोट्याचा धक्का छोटा होता आणि भांडवल घरातच तयार होत होते. एखाद्या बाईने शेजारणीला कोंबडी अर्धेलीने द्यावी, निघालेली पिले दोघींनी वाटून घ्यावीत, अशा व्यवहारातून नवे घर कोंबडीवाले होई. येथे पिलू आणि त्याला वाढवणारी कोंबडी एकत्रच हस्तांतरित होत, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पेठ, छावणी आणि खेडे

पुणे शहरात कोंबडीचे स्थान एकसारखे कधीच नव्हते. धर्मशास्त्रीय परंपरेत ग्रामकुक्कुट हा निषिद्ध मानला गेला होता आणि मनुस्मृतीतही तो निषेध आढळतो. पेशवाईच्या राजधानीतील उच्चवर्णीय वस्तीच्या पेठांमध्ये वाड्याच्या परसात तुळस, विहीर आणि गाय असे, कोंबडी नसे. कोंबडी असणे ही त्या घराची जातीय ओळख ठरे. दलित, कष्टकरी व मुसलमान वस्त्यांत आणि शहराबाहेरील कुणब्यांच्या घरी ती सहज आढळे.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्यानंतर पुणे व खडकी येथे इंग्रजांच्या छावण्या स्थिरावल्या. छावणीच्या जेवणात अंडे व कोंबडी रोजची होती. त्यामुळे शहराच्या एका भागात जे अशुद्ध, तेच दुसऱ्या भागात रोख पैसा देणारे ठरले. शहराभोवतीच्या खेड्यांतील परसाला यामुळे एक जवळची बाजारपेठ मिळाली. परंतु छावणीची मागणी मोठ्या अंड्याची व भरलेल्या पक्ष्याची होती, आणि देशी कोंबडी लहान अंगाची व कमी अंडी देणारी होती. सुधारणेची भाषा येथूनच सुरू झाली. देशी कोंबडीकडे पाहण्याची शासकीय दृष्टी प्रारंभापासून उत्पादनाची राहिली, आणि ती पिले कशी वाढवते हा तिचा गुण त्या दृष्टीच्या कक्षेत आला नाही.

आज ज्यांना आपण पुण्याची उपनगरे म्हणतो त्यांतील अनेक त्या काळी स्वतंत्र गावे होती. १९९७ मध्ये ३८, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्याचे निर्णय झाले. प्रत्येक विस्ताराबरोबर काही हजार परसे शहराच्या नकाशावर आली आणि हळूहळू नाहीशी झाली. पुणे शहराचा विस्तार हा परसाच्या संकोचाचाही इतिहास आहे.

दाण्याचे शास्त्र

पिलांच्या आहाराचे आधुनिक शास्त्र आणि माणसाच्या आहाराचे शास्त्र यांचा जन्म एकाच अंगणातला आहे. १८९० च्या दशकात डच वैद्य क्रिस्तियान आइकमन हे बटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता येथे, बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांना पाय लुळे पडण्याचा विकार झाला आणि काही काळाने तो आपोआप नाहीसा झाला. शोधाअंती असे दिसले की, मधल्या काळात कोंबड्यांना सडलेला पांढरा तांदूळ घातला जात होता. कोंडा असलेला तांदूळ सुरू होताच त्या बऱ्या झाल्या. या निरीक्षणातून पुढे जीवनसत्त्वांची कल्पना विकसित झाली व १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आपल्याकडील बाई पिलांना कण्या घालताना कोंडा पाखडून टाकत नसे, तिच्यासाठी तो काटकसरीचा भाग होता. शास्त्राने त्याच कोंड्यातील गुण वेगळा काढून त्याला नाव दिले. पुढे १९२० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचे कार्य उलगडले आणि सूर्यप्रकाशाशिवाय, बंद घरात पिले वाढवणे शक्य झाले. तोपर्यंत घरात कोंडलेल्या पिलांचे पाय वाकत. मत्स्यतेलाच्या थेंबाने परसातल्या उन्हाची जागा घेतली, आणि मोठ्या प्रमाणावरील बंदिस्त कोंबडीपालनाचा एक अडथळा दूर झाला.

यानंतर दाणा हा सूत्रात बसला. मका, भाताचा कोंडा, शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, मासळीची भुकटी, क्षार आणि जीवनसत्त्वे यांचे मिश्रण ठरले. अंड्यावरील जातीच्या पिलांना सुरुवातीस सुमारे २० टक्के प्रथिने असलेला आहार द्यावा, हे प्रमाण सर्वमान्य झाले. सूत्रातही धोके होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पिले मेली, तेव्हा आयात शेंगदाणा पेंडीवरील बुरशीचे विष त्यास कारण असल्याचे आढळले आणि अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. भुईमूग पिकवणाऱ्या महाराष्ट्रासाठी ही माहिती महत्त्वाची होती. तरीही एकंदरीत दाण्याच्या बाबतीत शास्त्राने परसाला काही दिले हे मान्य केले पाहिजे. तेच लसीच्या बाबतीतही खरे आहे. १९२७ मध्ये कुमाऊँमधील राणीखेत येथे नोंदलेल्या आणि त्याच गावाच्या नावाने आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या रोगाला ग्रामीण महाराष्ट्र मानमोडी म्हणतो. एका आठवड्यात गावातील सर्व खुराडी रिकामी करणारा हा रोग लसीने आटोक्यात येतो, आणि औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ही लस तयार होते.

ऊब : एक दिवसाचे पिलू आणि खडकी

अंडी यंत्राने उबवण्याची कल्पना नवी नाही. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याची परंपरा प्राचीन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप व अमेरिकेत तापमान स्थिर ठेवणारी उबवणी यंत्रे विकली जाऊ लागली. त्यांच्या जोडीला पिलांना ऊब देणारी साधने आली. त्या काळातील इंग्रजी लेखनात या साधनांना कृत्रिम माता किंवा पालक माता अशी नावे आढळतात. आपण कोणाची जागा घेत आहोत याची जाणीव त्या नावांत तरी शिल्लक होती. पुढे ब्रूडर हा तांत्रिक शब्द रूढ झाला.

पिलाच्या शरीररचनेतील एका वैशिष्ट्यामुळे या व्यवसायाचे रूप बदलले. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेते, त्यामुळे सुमारे दोन-तीन दिवस ते दाण्या-पाण्यावाचून तग धरू शकते. परसात याचा उपयोग असा की, उशिरा फुटणाऱ्या अंड्यांसाठी कोंबडी बसून राहिली तरी आधी निघालेली पिले उपाशी मरत नाहीत. व्यापाराने याच सवलतीचा उपयोग करून एक दिवसाचे पिलू खोक्यात घालून शेकडो मैल पाठवण्याची प्रथा पाडली. निसर्गाने जी मुदत आईजवळ थांबण्यासाठी दिली होती, तीच आईपासून दूर नेण्यासाठी वापरली गेली.

पुणे परिसरात या बदलाचे केंद्र खडकी हे होते. ब्रिटिश काळात कृषी खात्याने तेथे कोंबड्यांचे केंद्र चालविले. स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात अखिल भारतीय कुक्कुट विकास कार्यक्रम सुरू झाला आणि प्रादेशिक केंद्रे उभी राहिली. त्यांपैकी एक मुंबईत आरे येथे होते. १९६० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने चाललेल्या व्यावहारिक पोषण कार्यक्रमात शाळा व महिला मंडळे यांच्यामार्फत कोंबडीपालनाला उत्तेजन दिले गेले. पुढे महाराष्ट्रात खडकी, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), कोल्हापूर आणि नागपूर अशी चार मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे कार्यरत झाली. व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड ही नावे ग्रामसेवकांच्या व शाळामास्तरांच्या तोंडी आली.

ब्रूडर चालवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस तापमान हवे, नंतर दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी उतरवावे लागते. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा, भोवती पुठ्ठ्याचे कडे, मध्ये दिवा किंवा शेगडी. पिले दिव्याखाली दाटीने गोळा झाली तर ऊब कमी, कडेला पळाली तर जास्त, सर्वत्र सारखी पसरली तर योग्य, असे निरीक्षण करावे लागते. हे सर्व करण्यासाठी रात्री जागणारे माणूस आणि न जाणारी वीज लागते. ग्रामीण घरात पहिली गोष्ट म्हणजे पुन्हा बाईच, आणि दुसरी गोष्ट दुर्मीळ.

पुण्याचा उद्योग आणि खुडूकपणाचा शेवट

१९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगाची स्थापना केली आणि पुणे हे भारतीय कुक्कुट उद्योगाचे एक केंद्र बनले. १९८२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. अंड्याचा भाव व्यापाऱ्याने ठरवण्याऐवजी उत्पादकांनी ठरवावा हा तिचा मूळ हेतू होता. हे कार्य मोठे आहे. अंडे हे स्वस्त प्रथिन म्हणून सामान्य माणसाच्या ताटात आले, हे या उद्योगाचे व समितीचे श्रेय नाकारता येणार नाही. ज्या शहरातील पेठांत कोंबडी निषिद्ध होती त्याच शहरातून देशाला अंडी खाण्याचा आग्रह झाला, ही सामाजिक इतिहासातील लक्षणीय घटना आहे.

मात्र या उद्योगाला लागणारी कोंबडी वेगळी होती. खुडूक बसलेली कोंबडी म्हणजे अंडी न देणारी कोंबडी. म्हणून जगभरच्या पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्या माद्याच निवडल्या. घरगुती व्यवहारातही खुडूक मोडण्याचे उपाय होते. कोंबडीला पाण्यात बुचकळावे, नाकपुडीत पीस खुपसावे इत्यादी. पण तो त्या एका कोंबडीपुरता आणि त्या वेळेपुरता इलाज होता. पैदाशीच्या निवडीने हा गुण जातीतूनच जवळजवळ काढून टाकला. यंत्र असलेल्या फार्ममध्ये यात काही बिघडत नाही. परंतु हीच कोंबडी परसात आली तर ती अंडी देते, पुढची पिढी देत नाही. बाईला दर वेळी पिलांसाठी बाहेर हात पसरावा लागतो. घरात तयार होणारे भांडवल विकत घ्यावयाची वस्तू बनले.

सोबतीचे शास्त्र

सोबत ही भावनेची बाब असून तिचा उत्पादनाशी संबंध नाही, असा समज अनेकदा दिसतो. शास्त्राचा इतिहास वेगळे सांगतो. डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने १८७३ मध्ये असे नोंदवले की, नुकतेच निघालेले पिलू समोर हलणाऱ्या पहिल्या वस्तूच्या मागे चालू लागते. पुढे कोनराड लॉरेन्झ यांनी १९३५ मध्ये या प्रक्रियेची सविस्तर मांडणी केली, आणि १९७३ मध्ये प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पिलू कोणाला आपले मानते हे आयुष्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच ठरते.

पिलाला पहिले काही आठवडे स्वतःच्या शरीराचे तापमान नीट राखता येत नाही. टोचावे कसे हे उपजत येते, पण काय टोचावे हे आई व भावंडांकडे पाहून पक्के होते. एकटे ठेवलेले पिलू तारस्वरात ओरडत राहते व खाणे सोडते. म्हणून दाणा मिळणे आणि दाणा खाल्ला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांना जोडणारा दुवा सोबत हा आहे.

येथे एक आठवण नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस, पुरंदर तालुक्यातील प्रस्तुत लेखकाच्या आजोळी एका योजनेतून लहान पिले मिळाली. दिवस थंडीचे होते. सोबत दाण्याची पिशवी आणि एक छापील पत्रक होते. पत्रकात दाण्याचे प्रमाण ग्रॅममध्ये दिले होते. रात्री वीज गेली. सकाळी पिले खोक्याच्या एका कोपऱ्यात ढिगासारखी जमलेली होती आणि खालची गुदमरून मेली होती. पिशवीतील दाणा तसाच होता. आजीने त्या दिवशी कोणाला दोष दिला नाही. शेजारच्या घरी एक खुडूक कोंबडी होती, ती मागून आणली. अंधार पडल्यावर उरलेली पिले एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली. रात्रीच सरकवायची, कारण उजेडात कोंबडी परकी पिले ओळखते. सकाळी ती त्यांना घेऊन अंगणात फिरत होती. आजीला अक्षरओळख नव्हती. पत्रकात जे नव्हते ते तिला ठाऊक होते, आणि पत्रक लिहिणाऱ्याला ते विचारावेसे वाटले नव्हते.

योजनांतील पिलू

ही एका घराची गोष्ट असली तरी तिच्यातील प्रश्न योजनेच्या रचनेचा आहे. महाराष्ट्रात परसातील कुक्कुटपालनासाठी ५० टक्के अनुदानावर १०० एकदिवसीय पिलांचे गट, अथवा २५ तलंगा व ३ नर असे गट देण्याच्या योजना राबविल्या गेल्या. गिरिराज, वनराज यांसारख्या, परसासाठीच विकसित केलेल्या सुधारित जाती लोकप्रिय झाल्या. त्या काटक आहेत, रंगीत आहेत, देशी कोंबडीपेक्षा अधिक अंडी देतात. परंतु सहसा खुडूक बसत नाहीत. एकदिवसीय पिलांचा गट स्वीकारणारी बाई खरे तर शंभर पिलांचे आईपण स्वीकारत असते. तिच्या श्रमाचे मूल्य अनुदानाच्या हिशेबात धरलेले नसते. तलंगांच्या गटात मात्र हा जोखमीचा काळ आधीच पार पडलेला असतो, हा फरक महत्त्वाचा आहे.

केंद्र शासनाने २००९-१० पासून राबविलेल्या ग्रामीण परसातील कुक्कुट विकास योजनेत ही अडचण ओळखलेली दिसते. या योजनेत एक दिवसाचे पिलू थेट लाभार्थ्याकडे जात नाही. ते आधी चार आठवडे एका मध्यस्थ केंद्रात वाढवले जाते, आणि नंतर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास ४५ पक्षी टप्प्याटप्प्याने दिले जातात. या मध्यस्थ केंद्राला अधिकृत नाव दिले गेले आहे मदर युनिट. आईचे काम वगळून पिलू देता येत नाही, ही कबुली या नावात आहे. एकोणिसाव्या शतकातील कृत्रिम मातेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी शासकीय शब्दकोशात आई परत आली, तीही एका इमारतीच्या रूपाने.

गणनेचा प्रश्न आपत्तीच्या काळात अधिक तीव्र होतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. पक्ष्यांच्या नमुन्यांची तपासणी भोपाळच्या प्रयोगशाळेत, तर माणसांच्या नमुन्यांची पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाली. रोगनियंत्रणासाठी बाधित परिसरातील फार्मबरोबर परसातील कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. हा उपाय शास्त्रदृष्ट्या आवश्यक होता. नुकसानभरपाई नगाप्रमाणे व प्रकाराप्रमाणे होती. फार्मवाला नवी पिले विकत आणून पुन्हा सुरुवात करू शकत होता. परसातील खुडूक बसणारी, पिले राखणारी कोंबडी मात्र कोणत्याही हॅचरीत विकत मिळत नाही, आणि भरपाईच्या तक्त्यात तिच्यासाठी वेगळा रकाना नव्हता.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५.१८ कोटी कुक्कुट पक्षी होते. त्यांपैकी परसातील पक्षी ३१.७ कोटी होते, आणि २०१२ च्या तुलनेत त्यांत सुमारे ४६ टक्के वाढ झाली होती. परसातील कोंबडी संपत चालली आहे, हा समज या आकड्यांना धरून नाही. परंतु या ३१.७ कोटींपैकी किती पक्षी स्वतःची पिढी स्वतः वाढवू शकतात, हे या आकड्यांतून कळत नाही. परसाच्या स्वावलंबनाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

निष्कर्ष

१) पुणे परिसरातील परसातले पिलांचे संगोपन ही शब्द, निरीक्षण व देवघेव यांवर उभी असलेली सुसंगत ज्ञानव्यवस्था होती आणि तिच्या वाहक मुख्यतः स्त्रिया होत्या.

२) आहारशास्त्र व लसीकरण यांचा परसाला लाभ झाला. त्या बाबतीत परंपरा विरुद्ध आधुनिकता अशी मांडणी टिकत नाही.

३) खुडूकपणा हा उद्योगाच्या दृष्टीने दोष आणि परसाच्या दृष्टीने भांडवल आहे. उद्योगाचा निकष परसाला लावल्यामुळे परस पिलांसाठी परावलंबी झाले.

४) एकदिवसीय पिलांच्या वाटपात सोबतीचा खर्च घरातील स्त्रीवर पडतो व तो हिशेबात येत नाही. तलंगांचे गट किंवा चार आठवड्यांची पिले देणे हा तुलनेने न्याय्य मार्ग आहे. त्याहीपुढे जाऊन लाभार्थ्यास सुधारित पिलांबरोबर एक-दोन बसणाऱ्या देशी कोंबड्या देण्याचा विचार व्हावा. सुधारित अंडी देशी कोंबडीखाली उबवली जाऊ शकतात, हे ग्रामीण स्त्रियांना पूर्वीपासून माहीत आहे. बदकाची अंडी त्या तशीच उबवत आल्या आहेत.

५) पशुगणनेत परसातील पक्ष्यांची नोंद करताना देशी व सुधारित या भेदाबरोबर रवणावर बसणाऱ्या माद्यांचीही नमुना स्वरूपात नोंद घेतली जावी.

इतिहासाच्या अभ्यासकांपुढेही एक काम आहे. पुण्याच्या हद्दीत अलीकडे आलेल्या गावांतून आजही काही घरांमागे डालगे दिसते. त्या घरांतील वृद्ध स्त्रियांना खुडूक, रवण, तलंग हे शब्द आणि त्यांमागचे व्यवहार ठाऊक आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाचा एक छोटा प्रकल्प म्हणून ही नोंद करणे सहज शक्य आहे. विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरीच त्याचे साधन बसलेले आहे. परस बुजले की ही संधीही जाईल, म्हणून हे काम येत्या काही वर्षांतच व्हावयास हवे.